तक्रार नेमकी कुणाकडे? कोअर शॉपमधल्या एका सुपरवायझरचं प्रकरण

हे प्रकरण शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीतलं, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातलं आहे. संबंधितांच्या परवानगीने लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याभोवती हे सगळं घडलं त्यांना कारखान्यात सगळे ‘दादा’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. कोल्हापूर परिसरातल्या लहान-मध्यम उद्योगांमध्ये मी समुपदेशनाचं काम करते. सतत तक्रार करणारी माणसं जवळपास प्रत्येक ठिकाणी भेटतात आणि त्यांच्यावर ‘जरा सकारात्मक राहा’ हा एकच उपाय सुचवला जातो. तो उपाय कुठे कमी पडतो हे या प्रकरणात नीट दिसलं.

पार्श्वभूमी

दादा पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. डिप्लोमा झाल्यावर उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात उमेदवारी केली, मग शिरोलीत आले आणि गेली वीसहून अधिक वर्षं कोअर शॉप सांभाळतात. कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागाच्या, आत जी पोकळी हवी असते तिच्या आकाराचा वाळूचा गाभा आधी घडवावा लागतो, तो कोअर. तो साच्यात बसवायचा आणि भोवतीने चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ओतायचं. कोअरमध्ये ओल राहिली तर तिची वाफ होते, गॅस बाहेर पडायला वाट शोधतो आणि कास्टिंगमध्ये भोकं राहतात. त्यांना फौंड्रीत ब्लोहोल म्हणतात. दादा कोअरवरून अंगठा फिरवून सांगतात की हा आज वापरू नका. बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

घर जयंती नाल्याजवळच्या एका गल्लीत. पत्नी एका पतसंस्थेत लिपिक, मुलगी बारावीला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा दोन्ही वेळा त्यांच्या घरात पाणी शिरलं. दुसऱ्या पुरानंतर पंचनामा झाला, पण मदत खात्यावर आली नाही. त्यांनी काही दिवस खेटे घातले, मग सोडून दिलं.

या दोन गोष्टी, ओला कोअर आणि न आलेली मदत, पुढे एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. सुरुवातीला ते कुणालाच दिसलं नव्हतं.

अडचण

मला बोलावलं ते धाकट्या मालकांनी. कोअर शॉपमध्ये शिकायला दिलेल्या दोन तरुण इंजिनिअरांनी काही महिन्यांच्या अंतराने बदली मागितली होती आणि दोघांनी कारण एकच दिलं होतं: काम जड नाही, पण दादांच्या शेजारी दिवसभर थांबणं जड जातं. वाळू खराब, पॅटर्न खराब, साचे करणारे मोल्डिंगवाले बेफिकीर, ऑफिसला काही कळत नाही, हायवेच्या सहापदरीकरणाने रोजचा जीव जातोय, पावसाने वेळ साधली, नाही साधली. सकाळी सातच्या पाळीपासून हे सुरू व्हायचं. प्रत्येक विषयाचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा: “इथं सांगून कायबी होत नसतंय बघा.”

धाकट्या मालकांचं म्हणणं होतं, “मॅडम, माणूस सोन्यासारखा आहे. फक्त तोंड बंद करता आलं तर बघा.”

मी काही दिवस कोअर शॉपमध्ये आणि चहाच्या वेळेला गेटबाहेरच्या टपरीवर नुसती ऐकत बसले. दादांच्या कामाबद्दलच्या तक्रारी बहुतांश खऱ्या होत्या, आणि हेच या प्रकरणाचं मर्म आहे. तिथले बरेच कोअर सीओटू पद्धतीचे होते, म्हणजे सोडियम सिलिकेटने बांधून कार्बन डायऑक्साइड वायूने कडक केलेले. असे कोअर दमट हवेत ओलावा धरतात आणि त्यांची मजबुती जाते. तयार कोअर ठेवायची रॅक होती पत्र्याच्या मोठ्या दाराजवळ, जिथे जून ते सप्टेंबर पावसाची झड येते. हे दादांना माहीत होतं. ते टपरीवाल्याला, हेल्परला, सुरक्षारक्षकाला आणि पत्नीलाही माहीत होतं. ज्यांनी रॅक हलवायची त्या थोरल्या मालकांना मात्र गेल्या चार वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं.

का नाही सांगितलं, हे विचारल्यावर दादा बराच वेळ गप्प बसले. पूर्वी एका मीटिंगमध्ये त्यांनी हाच विषय काढला होता. त्यावर सगळ्यांसमोर उत्तर मिळालं होतं, “तुम्ही तुमचं कोअरचं बघा, लेआउटचं आम्ही बघतो.” ते साल २०२१ चं. पुराच्या मदतीचे खेटे आणि हे उत्तर एकाच पावसाळ्यातलं.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना प्रयोगांतून मांडली: काहीही केलं तरी फरक पडत नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की पुढे फरक पडणं शक्य असतानाही प्रयत्न थांबतो. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःची मांडणी बदलली. लांबलेल्या त्रासासमोर हातपाय गाळणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: माझ्या करण्याने काहीतरी हलतं. दादांच्या बाबतीत मला ही दुसरी मांडणी अधिक उपयोगी वाटली, कारण तिच्यातून पुढचा प्रश्न नेमका होतो. या माणसाला ‘माझ्या सांगण्याने हलतं’ हा अनुभव कोण देणार?

आधी एक खात्री

वागण्याकडे वळण्याआधी तब्येतीची खात्री करणं गरजेचं होतं. मध्यमवयीन पुरुषांत नैराश्य कधीकधी उदासीपेक्षा चिडचिडीतून दिसतं. झोप, भूक, कामातला रस, स्वतःबद्दलचे विचार यांविषयी सविस्तर बोलणं झालं आणि त्यांच्या डॉक्टरांकडून रक्तदाब व थायरॉइडची तपासणी झाली. झोप थोडी कमी होती, बाकी काळजीसारखं काही निघालं नाही. निघालं असतं तर हे प्रकरण वेगळ्या वाटेने गेलं असतं. ज्यांना अशी शंका स्वतःबद्दल किंवा घरच्या कुणाबद्दल वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

समोर असलेले पर्याय

थोरल्या मालकांचा कल समज देणारं पत्र द्यावं आणि स्टोअरला बदली करावी याकडे होता. त्याने कोअर शॉप शांत झालं असतं, आणि ओले कोअर ओळखणारा अंगठाही स्टोअरमध्ये गेला असता.

दुसरा पर्याय होता सगळ्यांसाठी एखादं प्रेरणादायी व्याख्यान. यावर फार वेळ घालवला नाही.

तिसरा पर्याय धाकट्या मालकांना फार आवडला होता: एकवीस दिवस तक्रारच करायची नाही असा पण. याला माझे दोन आक्षेप होते. सवय एकवीस दिवसांत बदलते या समजाला भक्कम आधार नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नवी साधी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, मधला आकडा ६६. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. पणात अडकलेले दादा ओला कोअर बघूनही गप्प बसले असते. फौंड्रीत ही गप्प बसण्याची किंमत लोखंडात मोजावी लागते, कधी माणसांच्या अंगावरही येते.

चौथा पर्याय दादांचा स्वतःचा. “आठवड्यातनं एकदा तुमच्यापुढं येऊन सगळं ओकून टाकतो, मोकळं वाटंल.” मोकळं वाटतं हे खरं, पण ते टिकत नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी सगळ्यांना राग येईल अशी व्यवस्था केली. मग काहींना ज्याचा राग आला त्याला डोळ्यांसमोर आणत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक राहिले. दादांची टपरीवरची बैठक ही रोजची पंचिंग बॅगच होती. तिला माझ्या खोलीत आणून काय साधणार?

उरला पाचवा पर्याय: तक्रार थांबवायची नाही, तिचा पत्ता बदलायचा. जे खरं आहे ते, ज्याच्या हातात आहे त्याला, काय हवं ते सांगत बोलायचं. ज्याच्यावर कुणाचाच हात नाही ते बाजूला काढायचं. हा पर्याय दिसायला सौम्य असला तरी त्यात मालकांनाही बदलावं लागणार होतं, त्यामुळे तोच सर्वांत अवघड होता.

पहिला निर्णय: सुरुवात कुणापासून?

सगळ्यांची अपेक्षा होती की दादांपासून. मी मालकांपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरला. चार वर्षांपूर्वी झिडकारलेल्या माणसाला पुन्हा ‘नीट शब्दांत सांगा’ म्हणायचं आणि समोरून पुन्हा तेच उत्तर मिळायचं, तर उरलीसुरली आशाही गेली असती. म्हणून दोन्ही मालकांशी एक नियम ठरला. दादा यापुढे आपल्या मागण्या वहीत लिहितील आणि प्रत्येक मागणीला आठवड्याच्या आत उत्तर मिळेल. उत्तर ‘हो’ असेल, ‘नाही’ असेल पण कारणासह, किंवा ‘नंतर’ असेल पण तारखेसह. थोरले मालक म्हणाले, “मग उद्या सगळेच लिहायला लागतील.” मी म्हटलं, लागू देत. कामाच्या जागी सर्वाधिक धोका लिहिणाऱ्या माणसांकडून येत नाही, लिहिणं सोडून दिलेल्यांकडून येतो. त्यांनी मान डोलावली. पूर्ण पटलं नव्हतं.

काय केलं

दादांच्या शर्टाच्या खिशात हीटचे, म्हणजे लोखंडाच्या प्रत्येक वितळणीचे, नंबर लिहायची छोटी डायरी कायम असते. तिच्याच मागच्या पानांचा वापर केला. पहिले काही दिवस काहीही थांबवायचं नव्हतं, फक्त खूण करायची: कशाबद्दल बोललो, कुणाशी बोललो, त्याच्याकडून काय हवं होतं. अझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये अंगविक्षेपांसारख्या सवयी मोडण्यासाठी जी पद्धत मांडली तिचीही पहिली पायरी हीच आहे: सवय सुरू होते ती घडी ओळखायला शिकणं, मग तिच्या जागी तिच्याबरोबर एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी कृती ठेवणं.

दादा चिडले. “म्हणजे माझ्याच चुका मीच लिहायच्या?” पण इंजिनिअरिंगचा माणूस, नोंद घेणं रक्तात. पानं भरली तसा तिसरा रकाना त्यांना टोचायला लागला. ‘काय हवं होतं’ याखाली जवळपास सगळीकडे रेघ होती. हे मी दाखवायच्या आधी त्यांनीच दाखवलं.

सवयीची घडी ओळखायला मुलगी कामी आली. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही चष्मा काढून पुसायला लागला की मला कळतं, आता सुरू होणार.” दादांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी त्याला स्वतःच नाव दिलं, ‘इशारा पातळी’. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्यांच्या गल्लीत शहाणी माणसं ३९ ऐकल्याबरोबर सामान माळ्यावर चढवतात, ४३ ची वाट बघत नाहीत. चष्म्याकडे हात गेला की ३९, तिथेच डायरी काढायची. डायरीत लिहिणाऱ्याला त्याच वेळी टपरीवर बोलता येत नाही, एवढं साधं गणित.

लिहायचं मात्र तीन भागांत: काय दिसलं, त्याने काय बिघडतं, कुणाकडून काय आणि कधीपर्यंत हवं. फरक किती पडतो हे त्यांच्याच दोन नोंदींवरून कळेल. पहिली, सुरुवातीच्या दिवसांतली: ‘पावसात कोअर ठेवायची अक्कल नाही. कुणाला पडली आहे.’ दुसरी, महिन्याभराने: ‘काल दुसऱ्या पाळीचे कोअर रात्रभर दाराजवळच्या रॅकवर होते, सकाळी दमट लागले, कोपरे हाताने सुटत होते. तरी वापरले, ब्लोहोल आले. रॅक कोअर ओव्हनच्या मागच्या भिंतीला हवी. थोरल्या मालकांनी गुरुवारपर्यंत सांगावं.’ राग दुसरीतही आहे. ‘तरी वापरले’ या दोन शब्दांत तो पूर्ण मावला आहे आणि मला तो तिथे असावासाच वाटतो.

ज्या गोष्टी कुणाच्याच हातात नव्हत्या त्यांची वेगळी यादी झाली. हायवेची कोंडी, पाऊस, ग्राहक कंपनीचं बदलतं वेळापत्रक. यांच्याबद्दल एक वाक्य बोलायचं आणि पुढे जायचं, असं ठरलं. हायवेच्या बाबतीत ते आजही दोन-तीन वाक्यं बोलतात. ते चालेल.

पुराची मदत कुठल्या यादीत टाकायची, यावर आम्ही अडलो. दादांनी ती ‘हातात नाही’ खाली लिहिली होती. मला ते पटेना. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे, अर्जाची फी दहा रुपये, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पैसे मिळणं हातात नसेल, कारण कळणं हातात होतं. पत्नीने अर्ज टाइप करून आणला, दादांनी सही केली. उत्तर आलं: पंचनामा दिवंगत वडिलांच्या नावे झाला होता, वारसाचे कागद जोडलेले नव्हते, म्हणून प्रकरण तिथेच थांबलं. पैसे आता मिळतील अशी शक्यता फारशी नाही. पण ज्या गोष्टीला ते इतकी वर्षं ‘आपल्याला कुणी मोजत नाही’ याचा पुरावा मानत होते, ती एका न जोडलेल्या कागदाची गोष्ट निघाली. तो कागद लागतो हे त्याच वेळी खिडकीपलीकडच्या कुणी सांगितलं असतं, तर एका घराचं किती काही वाचलं असतं! मला अजूनही याचं वाईट वाटतं.

जिथे सगळं मोडायला आलं

जुलैच्या मध्यावर, पाऊस ऐन भरात असताना, ग्राहकाकडून एक लॉट परत आला. सकाळच्या मीटिंगमध्ये दादांनी मोल्डिंगच्या प्रमुखावर सगळ्यांदेखत तोफ डागली, अगदी जुन्या सुरात. समोरून उत्तर आलं, “आता वहीत लिवा की दादा!” सगळे हसले. दादा उठून गेले. डायरी हीटच्या नंबरांपुरती उरली आणि माझ्याकडे येणंही त्यांनी थांबवलं.

इथे दोन वाटा होत्या. दादांच्या रागावर काम करायचं, की आधी मागे वळून बघायचं? मागे बघितल्यावर दिसलं की रॅकची नोंद तीन आठवडे उत्तराविना पडून होती. आठवड्याचा नियम मालकांकडून मोडला होता. परत आलेल्या लॉटमागे मोठा वाटा त्याच रॅकचा होता. दादांनी आरडाओरडा केला हे वाईटच, पण तो करण्याआधी त्यांना जे जे करायला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं. अशा वेळी माणसाला ‘शांतपणे सांगायला शिका’ म्हणणं मला अन्यायाचं वाटलं.

म्हणून आधी थोरल्या मालकांकडे गेले. त्यांनी त्याच आठवड्यात मीटिंगमध्ये ती नोंद वाचून दाखवली, उत्तर द्यायला उशीर झाला हे स्वतः सांगितलं आणि रॅक हलवायला माणसं दिली. दादांना त्यानंतर मी एवढंच विचारलं, मोल्डिंगच्या प्रमुखांना काही सांगायचं आहे का? ते वाळूच्या प्लांटकडे एकटेच गेले. काय बोलले ते मला दुसऱ्या माणसाकडून कळलं: “त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलंच. पण कोअर ओलं होतं, ही गोष्ट खरी हाय.” माफी मागताना त्यांनी खरी गोष्ट सोडली नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाक्य.

परिणाम

रॅक हलल्यावर पावसाळ्याच्या उरलेल्या काळात ओल्या कोअरमुळे होणारं रिजेक्शन स्पष्टपणे घटलं. दादांच्या पुढच्या काही मागण्यांपैकी दोन नाकारल्या गेल्या, कारणासह. एका नकाराचं कारण त्यांना पटलं, दुसऱ्याचं नाही, आणि ते त्यांनी डायरीतच लिहिलं. बदली मागितलेल्या दोघांपैकी एक इंजिनिअर परत कोअर शॉपला आला आहे.

एक नोंद वेगळी सांगायला हवी. फेटलिंगच्या भागात, जिथे कास्टिंगवरची वाळू झाडून आणि ग्राइंड करून काढतात, तिथला धूळ ओढणारा पंखा नीट ओढत नव्हता. दादा हे वर्षभर बोलत होते आणि त्यांच्या बाकीच्या बोलण्यात ते वाहून गेलं होतं. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत त्याचं नाव आहे. तीन भागांत लिहिलेली नोंद गेल्यावर फिल्टरच्या बॅगा तपासल्या गेल्या, त्या पूर्ण चोंदल्या होत्या, बदलल्या गेल्या. ज्यांना दादांचं ‘तोंड बंद’ व्हायला हवं होतं त्यांनी या नोंदीजवळ थोडं थांबावं.

घरात बदल सावकाश आला. आधी दादा बोलायला लागले की पत्नी एकतर उपाय सुचवायच्या, नाहीतर “जाऊ दे हो” म्हणायच्या. दोन्हींनी दादा आणखी पेटायचे. आता त्या विचारतात, “अहो, नुसतं ऐकायचंय की काही करायचंय?” बऱ्याचदा उत्तर ‘नुसतं ऐक’ असंच असतं, आणि मग बोलणं लवकर संपतं. मुलीने मात्र मला बाजूला सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत तिला अजूनही पप्पांच्या आवाजाची धास्ती वाटते. हे काम बाकी आहे.

दादांनी काही गमावलंही. टपरीवरच्या कंपूतल्या एका जुन्या मित्राने बोलणं तोडलं. “तू आता मालकाचा झालास.” एकत्र कुरकुरण्यात केवढा जिव्हाळा असतो, हे बाहेरून कळत नाही. अमांडा रोज यांनी शाळकरी मुलांच्या मैत्रीवर केलेल्या २००२ च्या अभ्यासात हे दिसलं होतं: एकमेकांच्या अडचणी पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, चिंता आणि उदासीही जास्त होती. शिरोलीच्या टपरीवरचे पुरुष शाळकरी मुलं नव्हेत, पण त्या मित्राचं दुःख मला याच जातीचं वाटतं. शिवाय त्याच्या टोमण्यात एक खरा प्रश्न आहे. पगार, ओव्हरटाइम, सुरक्षितता यांबद्दलची गाऱ्हाणी एकट्याने डायरीत लिहून मालकांच्या मर्जीवर सोडायची नसतात, ती एकत्र मांडायची असतात. ‘रचनात्मक बोला’ या सल्ल्याआड कुणी हे एकत्र येणंच थोपवू पाहत असेल, तर त्या कामाला मी हात लावणार नाही, हे मी दोन्ही मालकांना सांगितलं आहे.

वेगळं काय करता येईल

अशाच परिस्थितीत कुणी हे करून बघणार असेल तर वेळ निवडावी. हे काम मे महिन्यात सुरू झालं आणि दोन महिन्यांत पावसाळ्याच्या ताणात सापडलं. फौंड्रीत नोव्हेंबर-डिसेंबर जास्त बरे, कारण कोअर सुके असतात आणि माणसांची डोकीही थोडी थंड असतात.

उत्तराचा नियम तोंडी न ठेवता भिंतीवर लावावा, सोबत नोंदीची तारीख आणि उत्तराची तारीख असे दोन रकाने. तीन आठवड्यांचा खंड मग पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दिसला असता. आणि वही एकाच माणसाची असू नये. एकट्या दादांची होती म्हणून तिची टर उडाली. मोल्डिंग, फेटलिंग, मेंटेनन्स, सगळ्यांसाठी एकच नोंदवही असती तर ‘वहीत लिवा’ हा टोमणा राहिला नसता, ती कामाची रीत झाली असती. सुरक्षिततेच्या नोंदींना नाव न लिहिण्याची मुभा हवी.

मोल्डिंगच्या प्रमुखांशी सुरुवातीलाच बोलणंही उपयोगी पडलं असतं. ज्याच्याबद्दल सर्वाधिक तक्रार आहे त्याची बाजू या सगळ्यात फार उशिरा ऐकली गेली, आणि ऐकल्यावर कळलं की ओले कोअर त्यांनाही नकोच होते. उत्पादनाचा आकडा गाठायच्या दडपणाखाली ते बसवत होते. हा आकडा कोण ठरवतं, हा विषय अजून कुणाच्याच वहीत आलेला नाही.

सर्वांची मिळून नोंदवही आता पहिल्या पाळीत सुरू झाली आहे. दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने ती घ्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं, पहिल्या पाळीच्या दोन नोंदी अजून उत्तराविना आहेत, त्यांची उत्तरं आधी येऊ देत, मग आम्ही लिहू. थोरल्या मालकांनी ते मान्य करून येत्या बुधवारची तारीख दिली आहे.